मागची सीट

वडगाव मावळ,
१० नोव्हेंबर १९६८

रतन, जय भीम.

मोटारसायकल घेतली. तुला कळवावं की कळवू नये यात आठवडा गेला. पावसाळ्यात तू कार्ड टाकलंस, ‘येऊ नका, तुमची रजा फुकट जाते, मी बरी आहे,’ त्यानंतर तुझं अक्षर दिसलं नाही आणि मीही मिरजेला दवाखान्यात आलो नाही. तिनेच येऊ नका म्हटलंय, असं कुणी विचारलं तर सांगतो. पण पत्र लिहू नका असं तू म्हटलं नव्हतंस, म्हणून हे लिहितो.

गाडी जावा आहे. रंग तांबडा, टाकीच्या दोन्ही बाजूंना आरशासारखा पत्रा. मी गाडीसाठी नाव नोंदवून ठेवलं तेव्हा तू इथेच होतीस आणि हसली होतीस, गुरांच्या दवाखान्यातल्या माणसाला फटफटी कशाला म्हणून. आता आल्यावर मलाही वाटतं, कशाला. पण गुडघ्यांनी सांगितलं, घे. सायकल ढकलत कामशेतचा चढ चढायचा, पलीकडच्या गावात पोचायचं, तोवर जनावर पाय ताणून पडलेलं असतं आणि माणसं माझ्याकडे बघतात जणू मीच मारलं. हे किती वर्षं करायचं.

पुण्याहून चालवत आणली. दुकानातल्या माणसाने मागच्या गल्लीत शिकवली. हिची किक आणि हिचा गिअर एकाच दांड्याला आहेत. दांडा आत दाबून वर फिरवला की किक, गाडी सुरू झाल्यावर परत खाली घेतला की तोच गिअर. मी सुरुवातीला गाडी चालू असतानाही किक मारायला पाय उचलत होतो. दुकानदार म्हणाला, “साहेब, चालू आहे ती. आता तिला जाऊ द्या.”

उभी असताना लय जड. ढकलताना वाटतं, बैल गोठ्यातून बाहेर यायला तयार नाही. हळू चालवलं तरी हँडल हाताला ओढतं. पण दापोडीचा पूल ओलांडला, रस्ता मोकळा झाला, तिसरा गिअर पडला आणि ते सगळं वजन कुठे गेलं कळलं नाही. वारा डोळ्यांत जातो, पाणी येतं, पुसायला हात सोडायची छाती होत नाही. देहूरोडला मिलिटरीचा ट्रक शेजारून गेला तेव्हा त्याच्या वाऱ्याने गाडी हातभर बाजूला सरकली. उजव्या पोटरीला सायलेन्सरचा चटका बसला तो घरी आल्यावर कळला.

सोमाटण्याच्या चढावर मी हँडलवर वाकून जोर लावत होतो. सायकलची सवय. मग लक्षात आलं की माझ्या जोराची हिला गरजच नाही, मी नुसतं बसलो तरी चढते. आनंद व्हायला पाहिजे होता. तसं काही झालं नाही. एकदम थकल्यासारखं झालं, इतक्या वर्षांचं चालणं अंगात कुठेतरी दडून बसलं होतं ते त्या चढावर बाहेर आलं. तळेगावला थांबून झाडाखाली बसून राहिलो.

आईने दारात चाकांवर पाणी ओतलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. रविवारी लोणावळ्याहून दत्तोबा मामा आले. त्यांना रेल्वेची सुट्टी होती. गाडीभोवती फिरले, घंटीसारखी टाकी वाजवून बघितली, म्हणाले, “भाचा साहेब झाला.” मग आई आणि ते आत बराच वेळ बोलत बसले. मी बाहेर चिखल पुसत होतो.

दूध घेतेस ना? थंडीत अंगावर काही काढू नकोस.

निवृत्ती


वडगाव मावळ,
८ डिसेंबर १९६८

रतन, जय भीम.

उत्तर आलं नाही. हरकत नाही. मी गाडीचंच लिहितो, बाकीचं लिहायला बसलं की हात थांबतो.

डांबरी रस्त्यावर ही एक गाडी आहे आणि बैलगाडीच्या वाटेवर दुसरीच. डांबरावर तिला सांगावं लागत नाही. कामशेत सोडून करुंजच्या बाजूला वळलं की चाकोऱ्या सुरू होतात, मग पुढचं चाक आपल्या मनाने चाकोरी धरतं आणि आपण मागून जायचं. पहिले काही दिवस मी झगडत होतो. आता हात सैल सोडतो, सीटवरून थोडा उठतो, गुडघ्यांत टाकी धरतो, तेव्हा ती नीट जाते. आवळून धरलं की पाडते. ओढ्याच्या वाळूत एकदा आडवी झाली. मी पडलो नाही, बाजूला बसलो म्हण. ढोपर खरचटलं. पट्टी दवाखान्यातलीच बांधली, गुरांची.

ठाकरवाडीच्या नवसूची म्हैस अडली होती. निरोप सकाळी आला आणि मी पेटी मागे बांधून वर गेलो. शेवटचा टप्पा गाडी जात नाही, ती झाडाला टेकवली. नवसू गोठ्याच्या दारात बसला होता, मला बघून उठलाच नाही, त्याला खरं वाटेना.

“दाक्तर, तुमी इतक्यात? मला वाटलं सांज हुईल.”

“म्हैस उभी आहे का?”

“उबी हाय. पर आता कुंथत न्हाई.”

रेडकाचा एक पाय मागे दुमडला होता. खांद्यापर्यंत हात घालून तो सरळ करायला दुपार झाली. रेडकू जिवंत निघालं. नवसूची बायको बाया रडली आणि मग मलाच पंख्यासारखा पदर हलवून वारा घालायला लागली, इतका मी घामाघूम. सायकलवर गेलो असतो तर रेडकू गेलं असतं, कदाचित म्हैसही. त्या दिवशी परत येताना गाडीला काही बोलावंसं वाटलं. बोललो नाही.

आणखी एक सांगतो. ज्या वाड्यांवर सायकलने गेलो की ओट्याच्या खाली पोतं टाकून मिळायचं, तिथे आता खुर्ची येते. चहा कपात येतो. माणूस तोच, इंजेक्शन तेच. मी खुर्चीवर बसतो. बसताना बरं वाटत नाही आणि उठावंसंही वाटत नाही.

मामांना बेडश्याला काम होतं, रविवारी मागे बसवून नेलं. मागे माणूस असला की गाडी बदलते, हे मला ठाऊक नव्हतं. ब्रेक उशिरा लागतो. चढावर पुढचं चाक हलकं होतं. मामा प्रत्येक वळणावर उलट्या बाजूला झुकतात, गाडी डावीकडे निघाली की ते उजवीकडे, त्यामुळे दोन वेळा बांधावर जाता जाता राहिलो. बेडश्यात सीताराम म्हणून त्यांच्या ओळखीचे कुणी आहेत. चांगली माणसं. पोहे झाले, चहा झाला. त्यांची शेळी बघितली. तिला काही झालेलं नव्हतं.

आई बरी आहे. तुझ्या औषधांचं विचारत होती.

निवृत्ती


वडगाव मावळ,
१९ जानेवारी १९६९

रतन,

तुझं कार्ड मिळालं. ‘मुलगी कशी आहे?’ एवढंच. दवाखान्यातून परत येऊन ते ओट्यावर वाचलं आणि घरात न जाता गाडीवरच बसून राहिलो.

आईने तुझ्या औषधांचं विचारलं नव्हतं. ते मी आपलं लिहिलं.

मुलीचं नाव सरू. सीतारामांची थोरली. सातवी झाली आहे, गावातल्या बालवाडीत पोरं सांभाळते. काळीसावळी, बोलते कमी. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला खरोखर माहीत नव्हतं. मामा वाटेत म्हणाले, एक शेळी बघायची आहे. शेळी बघून झाली आणि पोहे घेऊन ती आली तेव्हा समजलं. मी उठून यायला पाहिजे होतं. पोहे खाल्ले.

दुसऱ्यांदा माहीत असून गेलो. आई म्हणाली, मला घेऊन चल. फटफटीच्या जवळ न येणारी बाई लुगडं आवळून मागे बसली. सगळा रस्ता माझा सदरा मुठीत धरला होता आणि कामशेतच्या उतारावर डोळे मिटून पंचशील म्हणत होती. तिथे पोचल्यावर मात्र ताठ चालत गेली. परतताना ओढ्याजवळ मी गाडी थांबवली आणि विचारलं, हे काय चाललंय.

ती म्हणाली, “काय चाललंय म्हंजी? मी कवर जगनार? घरात दिवा लावाया कोन हाय?”

“रतन आहे.”

“आरं, ती तितं दीड वर्स पडून हाय. आली तरी तिच्याजवळ बसंल कोन, तिच्या ताटात जेवंल कोन? लेकरू व्हनार हाय का तिला? मी काय तिचं वाईट चिंतत न्हाई. पर तुजं बगाया नगं का मला?”

मी गाडी सुरू केली. ती पुन्हा मागे बसली, सदरा धरला. या वेळी मूठ जास्तच आवळली होती. भीतीने की रागाने, सांगता येत नाही. तिलाही दमायला झालंय, रतन. पाणी तीच आणते, भाकऱ्या तीच थापते, आणि मी घरात असून नसल्यासारखा.

मामांनी कायद्याचं सगळं नीट विचारून ठेवलं आहे. पहिली बायको असताना दुसरी केली तर नोकरी जाते. म्हणून तुझ्याकडून राजीखुशीने फारकत लिहून घ्यायची, पंचांच्या सह्या घ्यायच्या, मग पुढचं वकिलाला विचारून. “मी स्वतः जातो मिरजेला,” म्हणाले, “पास आहे माझा. पोरगी समजूतदार आहे, नाही म्हणायची नाही.” ते तुला पोरगीच म्हणतात. वाईट माणूस नाही तो. आईचं बघवत नाही त्याला.

आणि ह्या सगळ्यात गाडीचा हात आहे. सायकलवाल्या निवृत्तीकडे कुणी बघत नव्हतं. क्षयरोगी बायकोचा नवरा, संपलेला माणूस, असंच धरून चालले होते. दारात फटफटी उभी राहिली आणि लोकांना आठवलं की हा अजून पस्तिशीत आहे, सरकारी पगार आहे.

तू विचारशील, मी काय म्हणालो. मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. आई आणि मामा बोलतात, मी इंजिन पुसतो. इथे तुला इंजेक्शनं द्यायचो तेव्हा तू म्हणायचीस, हळू, मी म्हैस नाही. तेवढं तरी माझ्या हातात होतं. रोज एक सुई. आता हातात काही नाही असं वाटतं, आणि खरं सांगायचं तर त्याची सवय झाली आहे.

मामा फेब्रुवारीच्या मध्यावर निघणार म्हणतात. तुला आधी माहीत असावं म्हणून लिहिलं.

निवृत्ती


वडगाव मावळ,
१४ फेब्रुवारी १९६९

रतन, जय भीम.

गाडी घेऊन कसे आलात, रस्ता कसा होता, असं तू विचारलंस आणि मी म्हणालो, नीट आलो. मिरजेला तुझ्यासमोर बोलायला सुचेना. आता लिहितो.

नीट आलो नाही. आईला सांगितलं, पुण्याला औषधं आणायला जातो. पुण्यात पोचलो आणि थांबलोच नाही. कात्रजच्या घाटात मालट्रकांच्या मागे धूर खात चढलो. बोगद्यात दिवा लावला तर समोरचा खडक अंगावर आल्यासारखा, आणि आपलाच आवाज चारी बाजूंनी परत येतो, दहा फटफट्या मागे लागल्यासारखा. खंबाटकी उतरताना ब्रेक दाबून दाबून पायात गोळे आले. साताऱ्यापुढे रस्ता सरळ लागला आणि तिथे झोप यायला लागली. डोळे उघडे ठेवून झोप. बाजूच्या उसाची एकच रांग किती तरी वेळ चालली आहे असं वाटत होतं. कराडच्या अलीकडे गाडी खोकायला लागली. हा शब्द लिहायला नको होता, पण तशीच वाटली. प्लग काढला, काळा झाला होता, रुमालाने पुसून बसवला. रस्त्याच्या कडेला बसून हे करताना मनात आलं, मागे फिरावं. तिथून मिरज जवळ होती. पुढे जाणं कमी त्रासाचं होतं म्हणून पुढे आलो. ह्याहून मोठं कारण होतं असं मी तुला सांगणार नाही.

तुझ्या वॉर्डासमोरच्या बाकावर बसलो होतो. समोरून एक बाई धुतलेल्या चादरींचं गाठोडं घेऊन आली. भरलेलं अंग, गालावर रंग. मी बघितलं आणि नजर दुसरीकडे नेली, परक्या बाईकडे किती बघायचं. ती तू होतीस. तूही मला ओळखलं नाहीस. धुळीने माझं तोंड लाल झालं होतं. तू पुढे निघून गेली होतीस, मग वळलीस.

“आलात?”

“हो.”

“मामा येणार होते ना?”

“मीच आलो.”

“ते दिसतंय.”

मग तू पाणी आणून दिलंस. तोंड धुवायला सांगितलंस. आणि सगळं सांगितलंस, बाजारभाव सांगावा तसं. दसऱ्यापासून थुंकीत काही निघत नाही. फोटो स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणाले, चैत्रात घरी जा, गोळ्या चालू ठेव. कपड्यांच्या खोलीत काम देतात, हवं तर पुढेही ठेवतील.

मी विचारलं, “मग लिहिलं का नाहीस?”

तू म्हणालीस, “कुणाला?”

त्यावर मी काही बोललो नाही ते बोलण्यासारखं नव्हतं म्हणून. पुढचं मात्र बोलायला पाहिजे होतं. तू फाटकापर्यंत सोडायला आलीस, गाडीला हात लावून बघितलास, म्हणालीस, “सही पाहिजे असेल तर मी देते. मामांना म्हातारपणी एवढ्या लांब कशाला पाठवता. पण तुम्ही मागा. हो म्हणा नाही तर नाही म्हणा, तुमच्या तोंडाने म्हणा. मी इथे दीड वर्षं रोज डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत काढली आहेत, ते आज काय सांगतात म्हणून. आता आणखी कुणाच्या तोंडाकडे बघायचं त्राण नाही.”

आणि मी किक मारत राहिलो. गाडी गरम होती, लागत नव्हती. तू शेजारी उभी होतीस, मी किक मारत होतो, आणि दोघांनाही कळत होतं की मी गाडी लागण्याची वाट बघतोय. लागल्यावर गेलो.

रात्र सांगलीला ओळखीच्याकडे काढली आणि सकाळी निघालो. साताऱ्यापुढे एका टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाल्याने विचारलं, “पावणं, कुनीकडनं?” मी म्हणालो, “मिरजेहून. बायको दवाखान्यात आहे, तिला बघून आलो.” म्हणून गेलो आणि मग लक्षात आलं. दीड वर्षात मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. वडगावात माहीत आहे सगळ्यांना, पण मी कधी तोंडाने म्हटलं नव्हतं. परगावी कुणी विचारलं तर माहेरी गेली आहे म्हणायचो. मला वाटलं हा माणूस गिलास बाजूला ठेवील. तो म्हणाला, “बरी हाय का आता?” मी म्हणालो, “बरी आहे.” त्याने गिलास पुन्हा भरून दिला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. एवढंच झालं. मी किती तरी वेळ तिथे बसलो.

सही नको.

हे तिथे म्हणायचं होतं. इथून म्हणतो. ज्यांना तोंडाने सांगायचं आहे त्यांना तोंडाने सांगून येईन, मग पुन्हा लिहीन.

निवृत्ती


वडगाव मावळ,
२ मार्च १९६९

रतन, जय भीम.

आधी लोणावळ्याला गेलो. मामा ड्यूटीवरून येऊन अंघोळ करत होते. टॉवेल गुंडाळून बाहेर आले. मी सांगितलं, मिरजेला जाऊ नका, मला हे करायचं नाही. त्यांना वाटलं पैशाचं किंवा नोकरीचं काही भय आहे. म्हणाले, वकील ओळखीचा आहे. मी म्हणालो, भय नाही, नकोय. मग ते खाटेवर बसले. “तुझ्या आईला कोण सांगणार?” मी म्हणालो, मीच. “आणि सीतारामला?” मी म्हणालो, तेही मीच. त्यावर ते म्हणाले, “मग शब्द मी टाकला होता, मीही येतो.” मी त्यांना नेलं नाही. नेलं असतं तर माझ्याऐवजी तेच बोलले असते.

बेडश्यात सीताराम अंगणात गंजीवर चढून गवत रचत होते. मला बघून खाली उतरले, आतल्या बाजूला आवाज दिला, चहा ठेवा म्हणून. मी म्हणालो, चहा नको, आणि उभ्याउभ्याच सांगितलं. माझी बायको बरी झाली आहे, घरी येणार आहे. माझी चूक झाली, मी पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं.

ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं. हातातलं गवत झटकून त्यांनी दोन बोटांनी मिशी पुसली.

“बायकू बरी झाली, चांगलं झालं,” म्हणाले. “तिचं मला वाईट वाटत न्हाई. पर डाक्टर, तुमची गाडी दोनदा आली हितं. पयल्यांदा मामा, दुसऱ्यांदा आई. आवाज साऱ्या गावानं ऐकला. पोरं मागं धावली. आता सारं गाव इचारनार, फटफटीवाला का आला न्हाई. मी काय सांगू? आनि तिला कोन इचारील आता?”

सरू दारात आली होती. तिने वडिलांना म्हटलं, “आबा, जाऊ द्या. त्यानला काम आसंल.” माझ्याकडे बघितलं नाही. तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. तिला मी कधी विचारलंच नव्हतं काही. कुणीच विचारलं नव्हतं.

मी वळलो तेव्हा सीताराम म्हणाले, “आनि एक. गुरं आजारी पडली तर तुमाला बलवावं लागंल, दुसरा कोन हाय. तवा या. पर गाडी वर आनू नका. खाली ठिवा आनि चालत या.”

मी हो म्हणालो. गेल्या आठवड्यात त्या गावात लाळ्या-खुरकुताची लस टोचायची होती, गाडी खाली रस्त्याला लावली आणि पेटी खांद्यावर घेऊन चढलो. पुढेही तसाच जाईन.

आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, “मग मी तिच्या हातचं खानार न्हाई. माजी चूल येगळी.” दुसऱ्या दिवशी तिने मागच्या खोलीत तीन दगड मांडले. आता एका घरात दोन धूर निघतात. माझ्याशी बोलत नाही, पण भाकरी माझ्यासाठीही थापते आणि दाराच्या आत सरकवते. मी तिला सोडून कुठे जाणार नाही, रतन, आणि तिला बदलेन असंही नाही. ती जशी आहे तशी त्या घरात असेल. तू येशील तर हे माहीत असून ये.

कपड्यांच्या खोलीचं काम तुला ठेवायचं असेल तर ठेव. मी महिन्याकाठी येत जाईन. रस्ता आता पाठ झाला आहे. यायचं असेल तर न्यायला येईन. तूही तुझ्या तोंडाने सांग. मी वाट बघतो, घाई नाही.

निवृत्ती


वडगाव मावळ,
२१ मार्च १९६९

रतन, जय भीम.

कार्ड मिळालं. तू येतेस.

तुझी अट दोन वेळा वाचली. पहिल्यांदा वाटलं, चेष्टा करतेस. रेल्वेने पुण्याला, तिथून पॅसेंजरने वडगावला, हे ठीक. पण स्टेशनापासून घरापर्यंत टांगा नको, चालत नको, फटफटीवर मागे बसवून न्या, तेही बाजाराच्या दिवशी, बाजारातून. तू लिहिलंस, ‘मामांना बसवलंत, आईंना बसवलंत, सगळ्यांनी बघितलं. मलाही बघू देत. कुणाला विचारायचं असेल तर तिथेच विचारू दे.’

खरं सांगतो, मला भीती वाटली. बाजारातल्या सगळ्यांची गुरं माझ्या हाताखालून गेली आहेत, एकूण एक माणूस ओळखतो. लोक बाजूला होतील. कुणी तोंडाला उपरणं लावेल. मागे बसलेल्या माणसाचा श्वास चालवणाऱ्याच्या मानेवर येतो, हे आता सगळ्या वडगावला माहीत आहे, कारण माझ्या मागे ज्याला त्याला बसायचं असतं. ते तुझ्याकडे बघतील आणि मग माझ्या मानेकडे. ही भीती मी तुझ्यापासून लपवत नाही. पण नाही म्हणणार नाही.

मिरजेला मी रेल्वेनेच येतो. डॉक्टर म्हणाले आहेत एवढा लांबचा धक्का नको, ते बरोबर आहे. गाडी वडगावच्या स्टेशनमास्तरांकडे लावून ठेवीन. त्यांना सांगितलं, बायकोला आणायला जातोय. त्यांनी विचारलं, कुठून. मी म्हणालो, मिरजेच्या दवाखान्यातून. त्यांनी सावलीची जागा दाखवली.

मागे कसं बसायचं ते सांगतो, म्हणजे स्टेशनावर सांगत बसायला नको. एका बाजूला पाय सोडून बसलीस तरी चालेल. एक हात सीटच्या पट्ट्याला धर. दुसरा माझ्या खांद्यावर ठेव, सदऱ्यावर नको, सदरा फाटतो. वळणावर मी ज्या बाजूला झुकेन त्याच बाजूला तू झुक. मामांना हे शेवटपर्यंत जमलं नाही. काही बोलायचं असेल तर कानाजवळ येऊन बोल, वाऱ्यात ऐकू येत नाही.

आईला काल सांगितलं, दाराबाहेरून. आत पितळ्या वाजत होत्या त्या थांबल्या. थोड्या वेळाने विचारलं, “कंच्या गाडीनं येती?” मी सांगितलं. पितळ्या पुन्हा वाजायला लागल्या. त्या दिवशी ती ओट्यावर असेल की मागच्या खोलीत, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

येताना जास्त सामान घेऊ नकोस, मागे बांधायला जागा नाही. चादर अंगावर घे. आणि बाजारातून जाताना डोकं खाली घालू नकोस, मीही घालणार नाही. पहिल्या गिअरमध्ये नेईन, अगदी हळू. कुणाचं बघायचं राहून जायला नको.

निवृत्ती